मिश्रीचा रकाना

अर्जातल्या माहितीवरून आरोग्य उपकेंद्रातल्या यंत्राने शेवंताआत्याची दहा हजार संभाव्य आयुष्यं मिनिटभरात जगून पाहिली आणि तोंडाच्या कॅन्सर-तपासणीची तारीख दिली: सहा वर्षांनंतरची.

"बघ, मी ठणठणीत!" आत्या उठलीच.

"थांब आत्या! मिश्रीचा रकाना रिकामा का? तंबाखूच ना ती?" भाची ऋजुताने अडवलं.

"ते काय व्यसन आहे? दात घासते मी."

"दिवसातून किती वेळा?"

आत्याने पदराआडून हळूच बोटं दाखवली. सात!

ऋजुताने आकडा भरला. तारीख बदलली: आजच.

नर्सबाईंनी बॅटरी लावली. गालात तांदळाएवढा पांढरा डाग होता.

"कॅन्सर?" आत्याने नर्सबाईंचा हात धरला.

"अजून नाही. मिश्री सोडा, उपचार घ्या, बहुतेक होणारही नाही."

आत्या तडक बाहेरच्या रांगेपाशी गेली आणि ओरडली, "बायांनो, मिश्री खरी सांगा गं!"