शहाणी चावते

घोडी सकाळपासून तिसऱ्यांदा चावली तेव्हा दादाने हातातला खरारा भिंतीवर भिरकावला. शर्टाच्या बाहीवर दातांची कमान स्वच्छ उमटली होती.

"बघ! बघ तुझी लाडकी!" तो बहिणीवर ओरडला. "ट्रक आलाय फाटकाशी. आता एक अक्षर बोलू नकोस."

बहीण बोललीच. "डॉक्टरीणबाई आल्यात. त्यांनी बघितल्याशिवाय घोडी जागची हलणार नाही."

"त्यांना कोणी बोलावलं?"

"मी."

घोडीचं नाव शहाणी. सात वर्षं भावाबहिणीच्या या घोडेस्वारीच्या शाळेत तिने नवशिक्यांची धडपड पाठीवर सोसली, कुणाला साधी शेपटी मारली नाही, म्हणून पडलेलं नाव. आणि आता हे. दादाने वैतागून तिला विकली होती ती अशा माणसाला, की चावऱ्या घोड्यांचं तो पुढे काय करतो हे कोणी विचारत नसे.

डॉक्टरीणबाईंचा सकाळपासून हा पाचवा तबेला, आणि जेवणाचा डबा गाडीत तसाच पडलेला. त्यांनी दादाच्या दंडावरच्या खुणेकडे पाहिलं. "कधी चावते?"

"सारखी."

"सारखी म्हणजे कधी?"

"सारखी म्हणजे सारखी! माजलीये ती. बाहीला मिरपूड चोळून पाहिली, तोंडाला मुसकं बांधून पाहिलं, एक ठेवूनसुद्धा दिली. ढिम्म!"

"मला नाही चावत," बहीण म्हणाली.

"तू तिच्याकडून काम कुठे करून घेतेस? महिनाभर हात झोळीत अडकवून नुसती गाजरं भरवतेयस."

बाईंनी दोघांनाही हातानेच गप्प केलं. शहाणीची जीभ बाजूला धरून दात पाहिले. दात चांगले होते. पाठीच्या कण्यावरून बोटं दाबत नेली, घोडी पेंगत राहिली. पोटाला नळी लावली. चंदी संपवते का, लीद कशी टाकते, विचारून झालं. सगळं ठीक. दादाचा चेहरा 'मी म्हणत नव्हतो?' असा झाला. फाटकाशी ट्रकचा भोंगा वाजला.

"खोगीर चढवा," बाई म्हणाल्या.

"आता? विकलेल्या घोडीवर?"

"चढवा हो. रोज चढवता अगदी तसंच."

दादाने धुसफुसत खोगीर ठेवलं. शहाणी गप्प. पोटाखालून पट्टा घेतला. तरी गप्प. मग त्याने तिच्या बरगडीला खांदा टेकवून पट्टा ओढला आणि तिचे कान मागे पडले. तो आणखी ओढायला गेला. तिची मान गर्रकन वळली, पण या वेळी दादा सावध होता; दात हवेतच वाजले.

"बघितलंत?"

"बघितलं. काढा तो पट्टा."

बाईंनी पुढच्या पायामागचे केस बाजूला सारले. तिथे तळहाताएवढी जागा सुजून गरम झाली होती. नुसतं बोट टेकलं तर घोडीच्या अंगभर कातडी थरथरली.

"आतला स्नायू ठेचलाय. त्याच्यावर तुम्ही रोज पट्टा आवळता," त्या म्हणाल्या. "सात वर्षं गुणी असलेली घोडी एका महिन्यात माजत नाही. काहीतरी दुखतंय, एवढंच ती सांगतेय. आणि तुम्ही तिला मिरपूड खायला घालताय!"

त्यांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. चौथ्या भोकाशी चामड्यावर जुनी घडी पडली होती. आता बक्कल लागत होतं सहाव्यात. ते सहावं भोक वाकडंतिकडं होतं, घरीच आरीने पाडलेलं.

"हे कोणी पाडलं?"

दादाने खाली पाहत पट्टा हातात घेतला.

"मी. महिन्यापूर्वी खोगीर फिरलं होतं," तो बहिणीकडे मान वळवून म्हणाला. "हिच्यासकट. मी समोर उभा होतो. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज आला मला. पट्टा मीच बांधला होता."

"अरे, किती वेळा सांगू?" बहिणीचा आवाज चढला. "वळणावर मीच वेड्यासारखी एका बाजूला झुकले! शंभरदा सांगितलं तुला!"

"परत कोणी पडायला नको," दादा म्हणाला. त्यानंतर खोगिरावर कोणीही बसो, तो जीव खाऊन पट्टा आवळत आला होता.

"महिनाभर खोगीर नाही," बाईंनी कागदावर औषध आणि लेप लिहिला. "आणि हे भोक आधी शिवून बुजवा." त्या डबा खायला गेल्या.

दादा फाटकाशी गेला. "न्यायची नाही," तो ट्रकवाल्याला म्हणाला.

"अहो, चावते म्हणालात ना?"

"चावते. पण मला चावते."

ट्रकवाला बराच वेळ तोंडाचा पट्टा चालवून निघून गेला.

बहीण एका हाताने शहाणीला कुरणाकडे नेत होती. वाट नुकतीच धुतलेली, ओली. दादा मागून पळत आला आणि त्याने तिचा चांगला दंड धरला.

"हळू. निसरडं आहे."

"दिसतंय मला."

"तिथे दगड आहे बघ. इकडून ये. अगं, इकडून!" प्रत्येक पावलाला त्याची पकड घट्ट होत गेली. बोटं दंडात रुतली.

ती थांबली.

"दादा."

"काय?"

"आता मीसुद्धा चावेन हं."