नागसेनची कंपनीवाली गाडी

थांब, मधी बोलू नको. फक्त ऐक.

वर्धेच्या शोरूममधी दोन गाड्या उभ्या होत्या. एक साधी, काळी, कायबी नसलेली. दुसरी कंपनीतूनच सजून आलेली, अशी का पाहूनच मानूस हलत नाई. आन मधात आपला नागसेन. समुद्रपूरचा वायरमन. तीन वर्षं पैसे जमवले गड्यानं या दिवसासाठी.

आचल काळ्या गाडीपाशी गुडघ्यावर बसून टाकीले टेप लावून राह्यली होती. मुकेशमामाच्या गॅरेजमधी गाड्या सजवते ना, तीच आचल. सगळं ठरलं होतं. साधी गाडी घ्याची आन आचलनं तिले सजवाची. हँडल खाली, सीट नवी, टाकीले तांब्याचा रंग. सहा महिन्यापासून पोरगी वहीत चित्रं काढून राह्यली होती.

पन एक भानगड होती. ज्या कंपनीची ती सजलेली गाडी, तिथूनच आचलले नोकरीचं पत्र आलंतं. पुण्याकडच्या कारखान्यात. हिंगणघाटच्या आयटीआयमधून तिची एकटीची निवड! पाच तारखेले हजर व्हाचं, नाईतं पत्र बाद. मामा म्हने जाय. माय म्हने जाय. ती म्हने, "नागसेनची गाडी होऊ द्या, मंग पाहू." गाडीले लागनार होते दोन महिने. आन नागसेनच्या मांगं अजून तीन पोट्टे लाइनीत. कायची जाते ती! एकटी कधी नागपूरच्या पुढं गेली नाई, भेव वाटत होतं तिले, पन कबूल कोन करन? नागसेननं एकदा समजावून पाह्यलं, तं पाना फेकून मारला त्याले.

तं सेल्समन सांगून राह्यला, "दादा, बाहेर हँडल बदललं का आरटीओचं झंझट. ही कंपनीतूनच तशी येते, कागद पक्के. तुमच्या पसंतीनं बनवतात, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून. आठ-नऊ महिने वेटिंग हाये फक्त."

नागसेननं दोनी गाड्याईले एक चक्कर मारली. मंग काळ्या गाडीवरचा हात काढला.

"ही नको. कंपनीवाली लिहा."

आचल उठून उभी राह्यली. "काय बोलून राह्यला तू?"

"कंपनीवाली घेतो."

"काऊन?"

"तिथी काम येनारे लोक हायेत, आचल. तू अजून शिकून राह्यली. माह्या गाडीवर नको शिकू."

असं बोलला बे तो! सगळ्याईसमोर! सेल्समननं मान खाली घातली. मीबी संगच होतो, मधी पडाले गेलो, तं नागसेननं माह्यावर डोळे वटारले.

आचल रडली नाई. टेप गुंडाळली, खिशात टाकली. म्हने, "मंग मीबी त्याईच्यातच जाऊन बसीन. तुही गाडी माह्याच हाताखालून जाईन. आन पाह्यजो, दोन नट ढिले ठेवीन!"

निघाली ताडताड. एकटी बस पकडून समुद्रपूरले आली, अन् तीन तारखेले वर्धेहून रेल्वेत बसली. नागसेनच्या दारावरून गेली, पन तिकडं पाह्यलंबी नाई.

चार महिने एक फोन नाई. मंग आला, तोबी भांडाले. "काऊन बे, तुही गाडी लाइनीवर काऊन नाई आली? रोज चिठ्ठ्या पाहून राह्यली मी. वर्धेच्या दोन गेल्या, पाना तयारच हाये माह्या हातात!"

"वेटिंग हाये," नागसेन म्हने.

दर आठवड्याले हेच. ती विचारे, हा वेटिंग सांगे. आता तं ती तिथी नव्या पोट्ट्याईले शिकवून राह्यली. टाकी रंगवाचं सारं काम तिच्याकडं. फोनवर आवाजच बदलला तिचा.

आन परवा म्हने, "शनिवारी येऊन राह्यली मी, चार दिवस सुट्टी हाये. जाम गावच्या चौकात घ्याले येजो. आन बुकिंगचा कागद आनजो संग. दहा महिने कायचं वेटिंग? मीच भांडीन ऑफिसात."

कागद! कुठून आनन तो कागद?

अबे, त्यानं बुकिंग केलीच नाई कधी! त्या दिवशी आचल शोरूमच्या बाहेर पडली. सेल्समन फॉर्म घेऊन आला, पेन उघडला, म्हने, "रंग कोनता लिहू, दादा?" नागसेन काचेतून रस्त्याकडं पाहून राह्यला होता. बस आली, आचल चढली, बस गेली. तवा तो खुर्चीवर बसला. रुमालानं तोंड पुसलं आन म्हने, "काळा. तीच द्या. उभी हाये तशीच."

दहा महिने झाले, तो तीच चालवते. मामाले मालूम हाये, मले मालूम हाये. एक स्टिकर लावू दिलं नाई त्यानं तिले. आपल्या दोस्ताईतला ऋतिक चिडवते, "इतकी भकास गाडी तं दूधवालाबी नाई फिरवत!" तं म्हने, "हात नाई लावाचा तिले कोनी."

काल मी म्हनलं, "शनिवारी ऋतिकची स्कूटर ने. काळी पाह्यली तं तिले एका नजरेत समजन सगळं."

"समजू दे," म्हने. "आता नोकरी सोडून वापस येनारी राह्यली नाई ती. चार शिव्या देईन, खाऊन घेईन."

सकाळपासून गाडी धुवून राह्यला बे तो. मले तं रातभर एकच गोष्ट डोक्यात. मी असतो तं सहा महिने जिनं माह्यासाठी वही भरली, तिले तसं बोलूच शकलो नसतो. गुपचाप तिच्या हातानं गाडी सजवून घेतली असती, आन ती आजबी मामाच्या शेडमधीच राह्यली असती.

तू सांग. तू असता तं?