तिसरा पिस्टन

"मिस्त्री, तुझं इंजिन पुन्हा मेलं," म्हणत पैलवानाने करवत टेबलावर आदळली आणि चार गिऱ्हाइकांसमोर वर ऐकवलं, "हात चालत नाहीत वाटतं तुझे हल्ली."

चार महिन्यांत ही तिसरी वेळ. मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पैलवानाने जुन्या बाजारातून आणलेली ही झाडं कापायची, पेट्रोलवर चालणारी करवत त्याने स्क्रू न् स्क्रू सोडवून नव्याने उभी केली होती. नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवे सील. कुठे गळती नाही ना बघायला इंजिनात हवा भरून ते पाण्यात बुडवलं, एक बुडबुडा आला नाही. मग छातीठोकपणे सांगितलं होतं, "डोळे मिटून चालव." आणि पैलवान ज्याच्याकडे झाडं तोडायचा, तो ठेकेदार आज संध्याकाळी ठरवणार होता की त्याच्या नऊ करवती इथून पुढे मिस्त्रीकडे राहणार की दुसरीकडे जाणार. त्या गेल्या तर दुकानात उरणार काय? गवत कापायची दोन यंत्रं आणि मिस्त्रीचा राग.

पैलवान गेल्यावर त्याने इंजिन उघडलं. मागच्या दोन्ही वेळा करवत घरून आली होती, टाकी कोरडी करून. तेव्हा त्याने कार्बुरेटरवर संशय घेतला, तोही बदलला. आज ती थेट कामावरून आली होती, अर्ध्या टाकीनिशी. ते पेट्रोल त्याने काचेच्या बाटलीत ओतलं आणि उजेडात धरलं.

पाण्यासारखं स्वच्छ! असल्या इंजिनाला वेगळं तेल नसतं. पेट्रोलात मिसळाल तेवढंच, आणि मिसळलं की पेट्रोल निळसर दिसतं. पिस्टनही तेच सांगत होता. कुठून हवा शिरली असती तर एका बाजूला ओरखडे आले असते. हे चहूबाजूंनी होते. तेलाचा थेंब न देता कुणीतरी इंजिन मरेपर्यंत पळवलं होतं, आणि नाव खराब झालं होतं मिस्त्रीचं.

बाटली खिशात, पिस्टन मुठीत, असा तो तरातरा पैलवानाच्या घरी गेला. पैलवान पायरीवर बसला होता. त्याची बायको आत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पेट्रोलात तेल कोण घालतं?" मिस्त्रीने दारातूनच विचारलं.

"ही घालते. मापाने. तेलाच्या बाटलीचं झाकण मला हल्ली... फार घट्ट असतं. तुझं पाप आमच्या माथी मारू नकोस."

"पाप? हा बघ! फिरव बोट!"

पैलवानाने पिस्टन हातात घेतला. नख अडकेल एवढे खोल ओरखडे होते. त्याने अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि मान हलवली.

"कुठे काय? गुळगुळीत तर आहे."

मिस्त्री शिवी देणार, तोच त्याची नजर त्या हातावर गेली. पैलवान थट्टा करत नव्हता. भर उन्हात त्याच्या बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती. पिस्टनच्या धारेने अंगठा कापला होता, रक्त मनगटापर्यंत आलं होतं, आणि त्याला पत्ता नव्हता. वीस वर्षं करवतीची थरथर त्याच हातांत मुरली होती आणि बोटं बधिर झाली होती.

बायको फडकं घेऊन बाहेर आली आणि तिने त्याचा अंगठा दाबून धरला.

"परवा चुलीवरचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं," ती म्हणाली. "कातडी जळल्याचा वास आला तेव्हा कळलं. तेही मला. ह्यांना नाहीच."

"तू गप्प बस," पैलवान खेकसला. शरमेने त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याने दुसऱ्या हाताने फोन काढला, ठेकेदाराला लावला आणि मिस्त्रीसमोर धरला. "सांग त्याला, चूक कोणाची ते. का आता माझ्या बायकोवर ढकलणार आहेस? काय गं, घातलंस ना तेल?"

"घातलं," ती म्हणाली.

बोलताना ती नवऱ्याकडे बघत नव्हती, सरळ मिस्त्रीकडे बघत होती. त्या नजरेत विनवणी नव्हती. राग होता, आणि तो मिस्त्रीच्या रागापेक्षा बराच जुना होता.

मिस्त्रीचा हात खिशातल्या बाटलीवर गेला. तिथेच थांबला.

"चूक माझी," तो फोनवर ओरडला. "हे इंजिन माझ्याच्याने होणार नाही. कोणाच्यानेच होणार नाही. भंगारात घाला ते!"

"मग उद्या माझ्या नऊच्या नऊ करवती घेऊन जातो," ठेकेदार म्हणाला आणि फोन बंद झाला.

"आधीच कबूल करायचं होतंस," पैलवान विजयाने म्हणाला.

फाटकापाशी ती मागून आली. मिस्त्रीने बाटली तिच्या हातात कोंबली. राग मात्र त्याच्याजवळच उरला होता, तो त्याने दबक्या आवाजात काढला.

"तीन पिस्टन, वहिनी! तीन! चांगल्या इंजिनाचे असे हाल करतं का कोणी? अर्ध्या खोडात बंद पडलं असतं आणि झाड अंगावर आलं असतं म्हणजे?"

"ह्यांना थांबवायला मला दुसरं काही येत नव्हतं," ती म्हणाली. "आणि ते ऐकायचे नाहीत. बाजारात त्यांनी दुसरी करवत बघून ठेवली आहे."

मिस्त्री चार पावलं गेला, थांबला, आणि तणतणतच परत आला.

"आणू दे त्याला. पण तुम्ही तेल चुकवायचं नाही. आधी ती माझ्याकडे पाठवा. मी नीट बिघडवून देतो."