आतली माया

"हुक लागत नाहीये!" मी ब्लाऊज आमच्या शिवणवाल्या कुमुदताईंच्या मशीनवर जवळजवळ फेकलाच. उद्या भाच्याची मुंज. दीड महिना भात बंद, पोळी बंद, संध्याकाळी नुसतं दुधीचं सूप, आणि शेवटी हे!

"तुम्हीच म्हणालात, दोन इंच कमी शिवा, तोवर बारीक होते." त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "दिवाळीलाही तेच."

माझा पारा चढला. "मग काय करू? रोज पहाटे टेकडी चढते. आधी अर्ध्यात धाप लागायची, आता वरपर्यंत गप्पा मारत जाते. त्याचं कुणाला काही आहे? जो तो विचारतो, किती किलो उतरलं?"

"मी कधी विचारलं?"

दहा वर्षं माझी मापं घेणाऱ्या या बाईनं खरंच एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांनी ब्लाऊज उलटा केला. आत, दोन्ही बाजूंच्या शिवणीत, चांगलं दोन-दोन बोटं कापड जास्तीचं दुमडलेलं होतं.

"माया ठेवू नका, मला वाढायचंच नाहीये, असं बजावलं होतं ना मी?"

"बजावलं होतंत." त्यांनी कात्री उचलली. "पण माया ठेवल्याशिवाय मला शिवताच येत नाही. उसवू?"

घरी कपाटात असेच न घातलेले चार ब्लाऊज पडले होते.

"उसवा," मी म्हटलं. "तोवर घरचे चारही घेऊन येते. आणि जरा वेळ लागेल. भात खाऊन येते."