सामाईक भिंत

दादाच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत आहे. वाटणीनंतर तिच्यावर साधा खिळा ठोकला तरी कडाक्याचं भांडण व्हायचं, आणि गेली सहा वर्षं तर आमचं बोलणंच बंद होतं. दुसरी रिकामी भिंत नव्हती, म्हणून नेमक्या त्याच भिंतीत मी दोन स्पीकर बसवायला घेतले.

"चार बोटांपेक्षा खोल कापू नका," मी वायरमनला दहादा बजावलं. "पलीकडे भोक पडलं तर कोर्टाची पायरी चढावी लागेल."

"हौस नडणार तुमची," बायको कुजबुजली.

भोक पडलं नाही. वायरी ओढून झाल्या, जाळ्या बसल्या. वायरमन बाहेरच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायरपाशी गेला. मी रिमोट घेऊन भिंतीसमोर उभा राहिलो आणि आवाज अगदी बारीक ठेवला.

"येतोय का?" वायरमन तिकडून ओरडला.

"येतोय," मी हळूच म्हणालो.

"अहो, वाढवा की! दोन्ही सारखे वाजतायत का, ते कळणार कसं?"

मी जीव मुठीत धरून बटण दाबलं. गाणं खोलीभर झालं. पलीकडे खुर्ची करकरली, पावलं भिंतीपाशी येऊन थांबली. बायकोनं माझा दंड घट्ट धरला.

"आता सांगा, दोन्ही सारखे येतायत?" वायरमन पुन्हा ओरडला.



उत्तर भिंतीपलीकडून आलं, "धाकट्या, खिडकीकडचा कमी येतोय रे."