शिंपीणकाकूंची रिकामी पिशवी

समोरच्या शिंपीणकाकू शिवलेले कपडे पोचवून परतताना रोज डोकावायच्या आणि चिडवायच्या, "बबडे, नेऊ का तुझ्या नव्या भावाला?" बबडी एका पायावर तयार. लगेच त्यांची रिकामी पिशवी उघडून धरायची.

आज बाळाला ताप होता. आई त्याला क्षणभरही खाली ठेवत नव्हती. सकाळपासून बबडीचं बूड एका जागी टेकलं नव्हतं. आईपासून दारापर्यंत आणि दारापासून आईपर्यंत नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या. काकू आल्या तशी तिने पिशवी हिसकावली आणि तिच्यावर फतकल मारून बसली.

"त्याला न्यायचं नाही."

काकू विरघळल्या. "भावाची काळजी वाटते होय गं?"

"छे," बबडी म्हणाली. "त्याला नेलं तर आईपण तुमच्याकडेच येईल."