नळ्यांचा आवाज

"मॅडम, नळ्यास्मा खार बसेल शे. बंद करा," गोकुळआप्पा म्हणाले आणि सळईने इव्हॅपोरेटरच्या पोटावर पुन्हा ठोका दिला.

धप्प.

लगदा शिजवून उरलेलं काळं पाणी या उंच टाकीच्या नळ्यांमधून आटवत नेतात. नळ्यांना आतून खार चढला की वाफ फुकट जाते. आप्पा ते ठोक्यावरून ओळखत. नळी स्वच्छ असली तर टण्ण, भरली असली तर धप्प. कागद मिलमध्ये उभी हयात गेली, पण अंदाज कधी चुकला नव्हता.

यंदा मात्र कोडंच होतं. टाकी धुऊन पंधरवडा होत नाही तोच धप्प.

इंजिनियर यामिनी मॅडम स्क्रीन सोडून त्यांच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या. "आप्पा, तापमानात काहीच फरक नाही. नळ्या स्वच्छ आहेत."

एकेक शब्द सुटा करून, बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं. आप्पांना ते झोंबलं. हल्ली सगळ्यांची रीतच बिघडली होती. म्हसावदच्या बसमध्ये कंडक्टर तिकिटासाठी सरळ खांदा धरून हलवायचा. घरी बायको कौसाबाई साधं जेवायला बोलवतानाही भांडायला उठल्यासारखी ओरडायची. माणसांना झालंय तरी काय, त्यांना कळेना.

"मन्ही सळई खोटं बोलस नई," ते म्हणाले.

मॅनेजर धर्मेंद्र साहेब वैतागले होते. "ठीक आहे, उघडू. पण नळ्या स्वच्छ निघाल्या तर आप्पा, उद्यापासून तुम्ही स्टोअरमध्ये बसा."

नटबोल्ट सांभाळत बसायचं म्हणजे जिवंतपणी फोटोला हार घालून घेण्यासारखंच. तरी आप्पांनी मान डोलावली. माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

प्लँट थांबला. टाकी निवल्यावर फिटर छगनने झाकण उघडलं आणि आप्पांनी आत बॅटरी मारली. सगळ्या नळ्या नव्या भांड्यांसारख्या लखलखत होत्या.

कोणी हसलं नाही. आप्पांना तेच जास्त लागलं.

"मंग आशी कशी वाजस?" ते पुटपुटले. त्यांनी छगनला कोरी नळी आणायला लावली, दोरीने टांगली आणि ठोका दिला.

धप्प.

"ही बी भरेल शे," म्हणत त्यांनी नळीला डोळा लावला. आत काहीच नव्हतं, आरपार उजेड दिसत होता.

आप्पांचं डोकं चालेना. त्यांनी सळई दोन्ही हातांनी धरली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून नळीवर हाणली.

धप्प.

समोर यामिनी मॅडमनी आणि छगनने आपापले कान घट्ट दाबून धरले होते.